मदत हवी आहे : सय्यादमनेशची खरी जागा कोणती?

२०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणने जर्मनीला ४-० असे हरवले, त्यातला एक गोल करणारा अल्लाहयार सय्यादमनेश तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. वेग, बचावपटूंवर सतत दबाव टाकण्याची तयारी आणि मध्यभागी तसेच बाजूनेही खेळण्याची क्षमता हे त्याचे गुण स्पष्ट दिसतात. परंतु हल सिटी या इंग्लिश क्लबात मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवले आणि गोलसमोरचे सातत्य, माझ्या मते, अद्याप आलेले नाही. इराणचाच आघाडीपटू मेहदी तारेमी सत्ताविसाव्या वर्षी पोर्तुगालला जाऊनही तिथल्या पोर्तो क्लबकडून चमकला, म्हणून आशा सोडवत नाही. हलनंतर तो ज्या बेल्जियन क्लबात गेला त्या वेस्टरलोचे सामने पाहिलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे : त्याला मध्यवर्ती आघाडीपटू मानावे की बाजूचा?