जोरदार लाँच: व्हर्टस १.५ मॅन्युअल की डीएसजी?

प्रश्न: फोक्सवॅगनची व्हर्टस १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) घेतोय. अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेणार. लाँचचा, म्हणजे उभ्या गाडीतून एकदम जोरात सुटण्याचा मार कोणता गिअरबॉक्स जास्त सोसेल?

उत्तर १: डीएसजीला, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला जपावं लागेल. हा डीक्यू२०० मॉडेलचा, ड्राय क्लचचा. त्याची मर्यादा २५० न्यूटनमीटर आणि इंजिनाचा टॉर्कही तेवढाच, म्हणजे हाताशी राखीव काहीच नाही. क्लच गार करायला तेल नसतं. लागोपाठ लाँच केले की अस्तर जळून गुळगुळीत होतं, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. रांगेत क्रीप करत (ब्रेक सैल सोडून इंचाइंचाने सरकत) राहू नका, न्यूट्रलला टाका.

उत्तर २: मॅन्युअलमध्ये घाव वेगळीकडे बसतो. ४,५०० आरपीएमला क्लच एकदम सोडलात तर चाकांना ताकद पोचवणारे भाग, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, सीव्ही जॉइंट आणि डिफरन्शियल झटका खातात. सगळ्यात वाईट व्हील हॉप! पुढची चाकं पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. इंजिन माउंट त्यातच फाटतात. धडधड जाणवली की लगेच पाय उचला. २,००० ते २,५०० आरपीएमवर धरा, क्लच साधारण सेकंदभरात सोडा. तरीही माझं मत मॅन्युअललाच: क्लच प्लेट बदलणं मेकाट्रॉनिकच्या (डीएसजीचे गिअर-क्लच चालवणाऱ्या युनिटच्या) खर्चापुढे परवडतं.

उत्तर ३: डीएसजीऐवजी टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक) गाडी असेल तर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र २-३ सेकंदांपलीकडे नको, एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) झपाट्याने तापतं. कुठलाही गिअरबॉक्स असो, दोन लाँचमध्ये पाचेक मिनिटं गाडी सावकाश फिरवा. जळका वास आला तर त्या दिवशी पुढचा लाँच नाही.