फिडलरमध्ये माझ्याच साईटचं ट्रॅफिक दिसत नाही, काय तपासू?

खाडीकाठ, देवगड
काकांच्या हापूस विक्रीची साईट बांधतोय. पिनकोड टाकला की वाहतूक खर्च चुकीचा येतो, म्हणून ब्राउझर सर्व्हरला नेमकं काय पाठवतो ते बघायचंय आणि पिनकोड बदलून तीच रिक्वेस्ट परत पाठवायची आहे. विंडोज १०, फिडलर क्लासिक (ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्राम). क्रोममध्ये बाहेरच्या साईटच्या नुसत्या 'टनेल टू' अशा ओळी येतात, लोकलहोस्टवरच्या, म्हणजे याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, माझ्या साईटची एकही नाही. फायरफॉक्सचं काहीच नाही. खर्च करायचा नाही, फुकटातलं सांगा.

रातांबा
चार्ल्स विकत घे, फिडलरसारखोच प्रोग्राम. मी घेतलंय, झकास चलता. फुकटाच्या मागे कित्याक लागतंस?

कातळसडा
चार्ल्स ३० दिवस फुकट असतं खरं, पण दर ३० मिनिटांनी बंद पडतं. त्यांनी फुकटातलं विचारलंय.

सुरंगी
एफ१२ दाबा (ब्राउझरचीच तपासणीची साधनं उघडतात), नेटवर्क टॅब, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा. फिडलर लागतंच कशाला? फायरफॉक्सच्या एफ१२ मध्ये रिक्वेस्ट बदलून पुन्हा पाठवतासुद्धा येते.

रातांबा
पण चार्ल्सात सगळा एका जागेर दिसता.

वेंगुर्लेकर
डोंगल वापरता का? आमच्याकडे पावसात टॉवर गेला की दोन दोन दिवस नेट नाही. आधी फायबर घ्या.

कातळसडा
लोकलहोस्टला नेट लागत नाही हो. डोंगलचा संबंध एवढाच की तो डायल-अप म्हणून जोडला असेल तर त्याची प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरचं ट्रॅफिक ज्या मधल्या प्रोग्राममधून जातं त्याची सेटिंग, वेगळी असते. फिडलरच्या ऑप्शन्समध्ये कनेक्शन्सखाली 'मॉनिटर ऑल कनेक्शन्स' आहे, ते चालू करा.

पण तुमच्या क्रोमच्या टनेलच्या ओळी दिसताहेत, म्हणजे प्रॉक्सी लागलेली आहे. एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक केलेलं ट्रॅफिक, उलगडायचा पर्याय बंद असल्यामुळे आतलं दिसत नाही. लोकलहोस्टचं कारण निराळं: ब्राउझर स्वतःच्याच मशीनसाठी प्रॉक्सीला वळसा घालतो. पत्त्यात लोकलहोस्टच्या जागी 'लोकलहोस्ट.फिडलर' लिहा, पुढे पोर्ट आहे तोच. फिडलर होस्ट हेडरमध्ये (रिक्वेस्टमधल्या साईटच्या नावाच्या ओळीत) लोकलहोस्टच पाठवतो, त्यामुळे साईट बिघडत नाही.

फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'नो प्रॉक्सी' असेल. तिथे १२७.०.०.१ आणि पोर्ट ८८८८ द्या. हाच पत्ता पोर्टासकट ब्राउझरमध्ये उघडून फिडलरचं इको पान आलं, तर फिडलर ऐकतोय हे नक्की.

सागवे
एचटीटीपीएस उलगडायचं तर फिडलरचं रूट सर्टिफिकेट टाका (त्यामुळे ब्राउझर फिडलरवर विश्वास ठेवतो), आतलं दिसेल. फायरफॉक्सचा सर्टिफिकेटचा साठा वेगळा, पूर्वी तिथे निराळं टाकावं लागायचं; नवीन फायरफॉक्स विंडोजमधलंही धरतो. मी दोन्हीकडे टाकलंय, कधी अडलं नाही.

सुरंगी
आणि क्रोममध्ये प्रॉक्सी बदलणारं एक्स्टेन्शन असेल तर काढा. तरी सांगते, एफ१२ पुरे.

वेंगुर्लेकर
पेटीचा भाव काय लावलाय? पाच डझनाची का?

खाडीकाठ, देवगड
लोकलहोस्ट.फिडलर लिहिल्याबरोबर ओळी आल्या! कातळसडा, मनापासून आभार. पिनकोडच्या पुढे एक स्पेस जातेय, म्हणून तो दराच्या तक्त्यात सापडत नाही आणि सगळ्यांना लांबचाच दर लागतो. स्पेस काढून रिक्वेस्ट परत पाठवली, दर बरोबर आला.

सर्टिफिकेट मात्र टाकणार नाही. हा काकांचा कॉम्प्युटर, ते यावरच बँकेचे व्यवहार करतात.

सागवे
अहो, ते सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर वेगळं तयार होतं, दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही.

खाडीकाठ, देवगड
कबूल. पण उलगडणं चालू राहिलं आणि काकांनी बँक उघडली, तर पासवर्डसुद्धा माझ्या यादीत येईल. माझं काम साध्या एचटीटीपीवर भागतंय. फायरफॉक्स सोडून दिला, क्रोम आणि फिडलरच ठेवतो.

रातांबा
चार्ल्स घेतलं असतंस तर कालच झाला असता.