विंडोज ११ पुन्हा टाकताना सेटअपला एसएसडीच दिसत नाही

सांजवारा:
लॅपटॉप ११व्या पिढीच्या आय५चा आहे. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबी रॅम. विंडोज सारखं अडकायचं म्हणून 'रीसेट धिस पीसी' केलं, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं. अर्ध्यावर जाऊन रीसेट फसलं. आता चालू केला की थेट निळ्या रिकव्हरी स्क्रीनवर येतो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने १६ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. त्यावरून बूट होतं, भाषा आणि कीबोर्ड विचारतं, पण विंडोज कुठे टाकायचं त्या पानावर यादी कोरी! खाली ड्रायव्हर मागतंय. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये) मात्र एसएसडीचं नाव आणि क्षमता दोन्ही दिसतं. दुरुस्तीच्या दुकानात 'एसएसडी उडाली, नवी टाका' असं सांगितलं.

सी १५० जीबीचा आहे, बाकी सगळी जागा डीला. डीमध्ये घरचे फोटो आणि कामाच्या फायली आहेत, बॅकअप नाही. एसएसडी खरंच गेली असेल का? आणि डी न गमावता विंडोज टाकता येईल का?

कळफलक:
नवी एसएसडी अजिबात घेऊ नका. बायोसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही, म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हरचाच प्रश्न असतो. बायोसलाही दिसत नसती तर एम.२ स्लॉटमधून सैल झाली किंवा गेली, असं म्हणता आलं असतं.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलची स्टोरेज सांभाळणारी सोय) चालू असतं. एसएसडी थेट समोर न येता इंटेलच्या कंट्रोलरच्या आड जाते. बायोसकडे त्याचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजमध्येही असतो. तुम्ही डाउनलोड केलेल्या कोऱ्या सेटअपमध्ये तो नाही, म्हणून यादी रिकामी.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलखाली स्टोरेज विभागात इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आयआरएसटीचा ड्रायव्हर शोधा. तिथे नसेल तर इंटेलच्या साइटवर आहे. पण तो कितव्या पिढीसाठी आहे हे पानावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. सगळ्यात नवा तो चांगला असं धरून चालू नका, नव्या पिढीच्या ड्रायव्हरमध्ये तुमचा कंट्रोलर नसू शकतो.

इथे बहुतेकांचं घोडं अडतं: डाउनलोड झालेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. सेटअपला ईएक्सई चालत नाही, आयएनएफ फाइल लागते. इंटेलची सेटअपआरएसटी फाइल असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच फोल्डरमध्ये पॉवरशेल उघडा. फाइलचं नाव, स्पेस, डॅश आणि त्याला चिकटून 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा सलग एक शब्द, पुन्हा स्पेस आणि नव्या फोल्डरचं नाव, असं टाइप करा. त्या फोल्डरमध्ये आयएस्टोरव्हीडी नावाची आयएनएफ सापडेल. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो अख्खा उचलून पेनड्राइव्हवर ठेवा, कारण सिस आणि कॅट फायलीही सोबत लागतात.

मग सेटअपच्या त्या कोऱ्या पानावर लोड ड्रायव्हर, ब्राउज, तो फोल्डर. ११व्या पिढीसाठी यादीत 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी' असं नाव येतं. ते निवडलं की एसएसडी दिसेल. ५१२ जीबीची साधारण ४७६ दाखवेल, ते बरोबरच आहे.

खटपट्या:
ड्रायव्हर शोधत बसायचं नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंदच करता येतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की दिसतो. एसूसमध्ये ॲडव्हान्स्डखाली व्हीएमडी सेटअप मेनू. डेलमध्ये स्टोरेजखाली 'रेड ऑन'चं 'एएचसीआय' करायचं. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला रोजच्या वापरात वेगात फरक जाणवत नाही.

कळफलक:
पर्याय चालतो, पण मी ड्रायव्हरचाच रस्ता सुचवेन. व्हीएमडी बंद ठेवून टाकलेलं विंडोज त्याच स्थितीत बूट व्हायला शिकतं. उद्या बायोस अपडेट झाला किंवा कुणी डीफॉल्ट सेटिंग्ज केल्या की व्हीएमडी परत चालू होतं आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही. बंद करणारच असाल तर लॅपटॉपच्या खाली चिठ्ठी चिकटवून ठेवा.

रानवाटा:
डीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून कळकळीने लिहिते आहे. डिस्क दिसली की लगेच नेक्स्ट दाबू नका. आणि कुणी डिस्कपार्ट (डिस्कची विभागणी करणारं कमांडचं साधन) उघडून 'क्लीन' करायला सांगितलं तर करू नका. क्लीन पार्टिशन बघत नाही, अख्ख्या डिस्कची पार्टिशन यादी पुसतं. त्यात डी गेलाच.

आधी बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) आहे का ते ठरवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलेल्या अशा लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असू शकतं, आणि ते सीबरोबर डीलाही लागतं. तसं असेल तर नव्या विंडोजमध्ये डी उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. फोनवरून त्याच अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या पानावर बिटलॉकर की बघा. तिथे कीचा आयडीही असतो. स्क्रीनवरच्या आयडीची पहिली ८ अक्षरं त्याच्याशी जुळवा. की कागदावर लिहून घ्या, सी पुसण्याच्या आधी.

मग डेटा बाहेर काढा. एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडा. ड्रायव्हर लोड करून यादी भरली की त्याच पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅडच्या फाइल, ओपनमध्ये खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की तीच खिडकी फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते: राइट क्लिक, कॉपी, दुसरीकडे पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात. आतल्या फायली बघून डी ओळखा, अक्षरावर जाऊ नका.

फोटो जास्त असतील तर रोबोकॉपी (त्याच काळ्या खिडकीत चालणारी कॉपीची कमांड) बरं. रोबोकॉपी, मूळ फोल्डर, नवा फोल्डर, मग /ई /आर:१ /डब्ल्यू:१. शेवटचे दोन विसरू नका. ते नसतील तर एखादी फाइल वाचता आली नाही की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं, आणि आपल्याला वाटतं कॉपी चालू आहे.

सांजवारा:
मनापासून आभार. ९ए०बी निवडल्यावर एसएसडी दिसली. की अकाउंटमध्ये मिळाली, पण डी लॉक नव्हताच. फोटो आणि फायली बाहेर काढल्या. आता ईएफआय (बूटचं पार्टिशन), १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेलं), १५० जीबीचं सी, डी आणि शेवटी एक छोटं रिकव्हरी, अशी यादी आहे. सी फॉरमॅट करून सुरू केलं तर ४०-५० टक्क्यांवर थांबतं, 'फाइल करप्ट ऑर मिसिंग', कोड ८००७०५७०. दोनदा झालं.

खटपट्या:
हा कोड म्हणजे फाइल खराब वाचली गेली. पहिला संशय पेनड्राइव्ह, मग आयएसओ (विंडोज सेटअपची एकत्र फाइल), मग रॅम, एसएसडी सर्वात शेवटी. दुसरा पेनड्राइव्ह घ्या, ८ जीबीचाही पुरतो, आणि दुसऱ्या पोर्टात लावा. लॅपटॉपला यूएसबी २ पोर्ट असेल तर तोच. टूलऐवजी आयएसओ डाउनलोड करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, -हॅशफाइल, आयएसओचं नाव, एसएचए२५६ असं देऊन येणारा आकडा मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी ती फाइल टाकून द्या. एवढं करूनही दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकत असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून करून बघा.

कळफलक:
पार्टिशनचं: सी नुसतं फॉरमॅट करू नका. ईएफआय, एमएसआर आणि सी तिन्ही डिलीट करा. ती लागून असल्यामुळे एकच अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी जागा होईल. ती निवडून नेक्स्ट, म्हणजे सेटअप तिन्ही स्वतः नव्याने बनवेल. फसलेल्या रीसेटचे बूटचे अवशेषही जातील. डीला हात लावू नका, आकार बघून ओळखा. शेवटचं रिकव्हरी राहिलं तरी अडत नाही.

पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, नाहीतर पुन्हा भाषा निवडण्याच्या पानावर येता आणि वाटतं की इन्स्टॉल झालंच नाही.

सांजवारा:
पेनड्राइव्हच खराब होता! नव्यावरून एका झटक्यात झालं. डी जागेवर आहे. आता सेटअप इंटरनेट मागतंय आणि वायफायच दिसत नाही.

रानवाटा:
फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेस्कटॉपवर पोचलात की विंडोज अपडेट चालवा, वायफायचा ड्रायव्हर त्यातूनच येईल.

ॲक्टिव्हेशनसाठी की विकत घेऊ नका. विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते. आपल्याकडे बहुतेक लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज' घेऊन येतात, म्हणून सेटअपने एडिशन न विचारता तेच टाकलं असेल. सिस्टिमखाली ॲक्टिव्हेशन बघा. तिथे चुकून 'प्रो' दिसलं तरच परत लिहा.