मदत हवी आहे: जांभ्याच्या जुन्या मठावर मजला चढवावा का?

सिंधुदुर्गातल्या एका कार्मेलाइट (कॅथलिक ननांचा एक संघ) मठासाठी विचारतो आहे. इथल्या सिस्टर एकांतव्रती आहेत, बाहेर पडत नाहीत. सध्या 14 जणी आहेत, आणखी तिघी येणार आहेत, खोल्या मात्र 14च. इमारत बैठी. चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड, दरजांत चुना, वर मंगलोरी कौलं. मागे कधीतरी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. तो आता कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगला आहे आणि लोणाही (पांढरे क्षार) आला आहे. कंत्राटदाराचं म्हणणं असं, की कौलं काढा, स्लॅब टाका आणि वर 8 खोल्या बांधा. पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं?

जोतं:
कृपा करून स्लॅब टाकू नका. हिशोब साधा आहे. मंगलोरी छपराचं वजन लाकडासकट चौरस मीटरला 60-70 किलो भरतं. 125 मिमी स्लॅब एकटा 310 किलोच्या वर जातो, आणि त्यावर फरशी, वरच्या भिंती, माणसं आहेतच. शिवाय स्लॅब उन्हात पसरतो, रात्री आकसतो. चुन्यातला सर्वांत वरचा थर त्या ओढाताणीत सुटतो आणि स्लॅबखाली आडवी चीर सरळ रेषेत धावते. जांभा दाब बऱ्यापैकी सोसतो, आडवा जोर नाही. जुन्या गोव्याचं सांता मोनिका कॉन्व्हेंट (बांधकाम 1606 ते 1627) पाहा, बाहेरून भिंतींना केवढे भक्कम धिरे (आधाराचे टेकू) दिले आहेत.

खोल्या वेगळ्या इमारतीत बांधा. नवा पाया जुन्या भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर लांब ठेवा, जुन्या पायाच्या तळाखाली खणू नका. आधी दोन ठिकाणी खड्डे घेऊन जुना पाया किती खोल आहे ते बघा. मधल्या जागेत कौलारू पडवी करा. तिचे खांब स्वतंत्र हवेत, वासे जुन्या भिंतीत खोचू नका. जिथे पडवी भिंतीला टेकते तिथे फक्त पत्र्याची पट्टी, ती एका बाजूलाच बसवायची.

चुनागच्ची:
ओलीचं कारण तो सिमेंटचा गिलावाच आहे. जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते आणखी वर चढतं आणि क्षार गिलाव्यामागे साठतात. ओलीच्या रेषेच्या वर अर्धा मीटरपर्यंत गिलावा काढा. हातोडा-छिन्नीनेच, ब्रेकर नको, चिऱ्याच्या कडा उडतात. दरजा इंचभर खरवडा, ब्रशने कोरडा लोणा झाडा (पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो) आणि एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या. हा उन्हाळा वाचवायला गेलात की सगळं काम वाया, घाई इथेच नडते. मग 1 चुना, 1 सुरखी (विटांची पूड), 2 नदीची वाळू या प्रमाणात 10-12 मिमीचे दोन हात. खाडीची वाळू अजिबात नको. प्रत्येक हात आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. बाहेरची जमीन जोत्यावर चढली असेल तर ती आधी खाली उतरवा, नाहीतर बाकी सगळं व्यर्थ.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. मग नव्या भागात खोल्या किती धरू? कंत्राटदार 16 म्हणतो.

जोतं:
7 पुरेत, जुन्या 14 धरून 21 होतात. कार्मेलाइट संघाच्या सुधारक संत तेरेजाच्या परंपरेत एका मठात 21 भगिनी ही मर्यादा आहे. त्यापुढे संख्या गेली तर नवा मठ स्थापन होतो, जुना फुगवत नाहीत. मठाच्या प्रमुख मदरना एकदा विचाराच. उरलेल्या पैशात तळमजल्यावर आजारी भगिनींसाठी 2 खोल्या करा. दार निदान 90 सेंमी, उंबरा नको, आणि तिथून चॅपेल दिसेल किंवा मिस्सा (उपासनाविधी) ऐकू येईल अशी खिडकी.

पाणी माणशी 135 लिटर धरा, म्हणजे पाहुण्यांसह 25 जणांना रोज सुमारे 3400 लिटर. सेप्टिक टँक विहिरीपासून 15 मीटर तरी लांब हवा. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे जमेल तितका आणखी लांब आणि विहिरीच्या उताराखाली.

घंटाघर:
काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी. कर्ज काढणार असाल तर मठाच्या मंडळाची संमती आणि वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. स्वायत्त मठाला चर्चच्या कायद्याच्या कलम (कॅनन) 638 प्रमाणे बिशपांचीही लागत असे; 2018 पासून मठाच्या स्वतःच्या नियमावलीत तसं असेल तरच लागते, ती बघा. दुसरी गोष्ट कामगारांची: त्यांच्यासाठी रस्त्याकडून वेगळं फाटक काढा आणि आतल्या बागेच्या कडेला पत्र्याचं सात फुटी कुंपण आधी उभं करा. कटर आणि मिक्सरच्या वेळा प्रार्थनेच्या वेळापत्रकाशी जुळवून करारातच लिहा. काम निघाल्यावर तोंडी सांगितलेलं कोणी पाळत नाही.