साइझिंग डायमध्ये काडतुसाची केस अडकली, मदत हवी आहे

टेक्सासमध्ये राहतो, रायफलची काडतुसं घरीच रीलोड करतो (वापरलेल्या केस पुन्हा भरतो). .३०८ विंचेस्टरची केस फुल-लेंग्थ साइझिंग डायमध्ये (केस पुन्हा मापात दाबणाऱ्या साच्यात) रुतून बसली आणि प्रेसचं हँडल उलटं फिरवताना शेल होल्डरने (केस बुडाशी धरणारा भाग) तिची रिमच (बुडाची कड) फाडली. ल्यूब (वंगण) लावलं होतं. केस रिकामी आहे. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) निघालाय, पावडर नाही. पेनिट्रेटिंग ऑइल झालं, डाय फ्रीझरमध्ये ठेवून झाली, ढिम्म हलत नाही.

आता प्रायमर पॉकेटमधून (प्रायमर बसायच्या खाचेतून) भोक पाडून १/४-२० चे (पाव इंच व्यास, इंचाला २०) आटे पाडायचे आणि बोल्टने केस ओढायची असं ठरवलंय. ड्रिल प्रेस नाही, हातातलं ड्रिल आहे. अडचण डीकॅपिंग रॉडची (डायमधली जुना प्रायमर ढकलून काढणारी दांडी): त्यावरचा एक्स्पांडर बॉल (मानेला आतून माप देणारा गोळा) केसच्या मानेपाशी अडतो, त्यामुळे रॉड वरून पूर्ण निघत नाही. रॉड सैल करून जमेल तितका वर घेतला तर ड्रिलचा बिट त्याला लागणार नाही ना? आणि भोक किती खोल पाडायचं?