शब्दचर्चा : चिनी ‘ज्युएन’ आणि जपानी ‘कान’ला सरसकट ‘खंड’ म्हणावं का?

प्रश्न

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी चिनी आणि जपानी ग्रंथसंचांच्या काही नोंदी मराठीत उतरवते आहे. जुन्या चिनी ग्रंथाच्या नोंदीत ‘ज्युएन’ आणि ‘त्स’ असे दोन आकडे येतात, कधी ‘हान’ हा तिसराही. ज्युएन आणि त्सची अक्षरं जपानीत ‘कान’ आणि ‘सात्सु’ अशी वाचतात. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘व्हॉल्यूम’ दिलेलं दिसतं. मी दोन्हीकडे ‘खंड’ लिहिलं, तर एकाच नोंदीत एकाच ग्रंथाचे १३० खंड आणि २० खंड झाले. मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद

दोन्हीकडे ‘खंड’ नकोच. हे आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

ज्युएन म्हणजे मुळात गुंडाळी. रेशमाच्या किंवा कागदाच्या एका गुंडाळीत मावेल तेवढा मजकूर तो एक ज्युएन. पुढे गुंडाळ्या मागे पडल्या, शिवलेली पुस्तकं आली, पण मजकुराची वाटणी तशीच राहिली. तुम्ही दिलेला १३० हा आकडा स्स-मा छ्येन यांच्या ‘शि-जि’ या इतिहासग्रंथाचा असावा. तो कोणीही, कधीही छापला तरी ज्युएन १३०च. तो किती पुस्तकांत बांधायचा हे मात्र छापणारा ठरवतो, आणि त्या बांधलेल्या एकेका पुस्तकाला म्हणतात त्स. जुनी चिनी पुस्तकं मऊ कव्हराची, दोऱ्याने शिवलेली आणि बारीक असतात. एका त्समध्ये दोन-चार ज्युएन सहज येतात.

आपल्याकडे महाभारताचं असंच आहे. पर्वं १८, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती १९ खंडांची, हरिवंश सोडून. पर्वांना कोणी खंड म्हणत नाही. मग ज्युएनला तरी का म्हणावं?

हा फरक सांभाळला नाही तर काय बिघडतं ते ‘युंग-लो ता-त्येन’ या चीनच्या मिंग राजवटीतल्या महाकोशावरून कळतं. १४०८ साली तो पुरा झाला तेव्हा मजकुराचे २२,८७७ ज्युएन होते, अनुक्रमणिकेचे आणखी ६०, आणि बांधलेले त्स ११,०९५. मूळ प्रत हरवली. सोळाव्या शतकात केलेल्या नकलेतले चारशेच्या आसपास त्स आज जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहेत. एखाद्या ग्रंथालयाकडे त्यातला एकच त्स असला, तर ‘आमच्याकडे एक पुस्तक आहे’ एवढ्याने अभ्यासकाचं काम भागत नाही. त्या त्समध्ये कोणते ज्युएन आहेत, हेच त्याला हवं असतं. म्हणून दोन्ही आकडे हवेत, आणि वेगळ्या नावांनी हवेत.

नोंदीतल्या त्यांच्या जागाही वेगळ्या. जुन्या चिनी ग्रंथसूचींत ज्युएनची संख्या ग्रंथनामाला लागूनच येते, म्हणजे ती ग्रंथाची ओळख. त्स आणि हान (पुस्तकांभोवतीचं वेष्टण) येतात भौतिक वर्णनात, जिथे आपण पानं आणि सेंटिमीटर लिहितो.

माझं मत : जुन्या ग्रंथांसाठी ‘ज्युएन’ तसाच ठेवा. ‘अध्याय’ मोहात पाडतो, पण चिनी कादंबऱ्यांतल्या अध्यायाला ‘ह्वेइ’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि एका ज्युएनमध्ये अनेक ह्वेइ असू शकतात.

प्रतिसाद

वरचं सगळं जुन्या ग्रंथांना लागू आहे. आजच्या जपानी पुस्तकांत ‘कान’ला ‘खंड’ म्हणायला काहीच हरकत नाही. तिथे संचातला तिसरा खंड सांगायचा तर कान आणि दुकानातून तीन पुस्तकं आणली हे सांगायचं तर सात्सु. कान क्रम दाखवतो, सात्सु नग मोजतो. नियतकालिकांत हेच अक्षर वार्षिक खंडाचा क्रमांक दाखवतं. तिथे आपलं ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ बहुतेक ठिकाणी चपखल बसतं.

प्रश्नकर्ती

खूप मदत झाली. हानचं काय करू? ‘पेटी’ लिहिलं होतं, पण चित्रात पेटी दिसत नाही.

प्रतिसाद

पेटी नव्हे. जाड पुठ्ठ्यावर कापड चिकटवून केलेलं, घडी पडणारं वेष्टण असतं. चार-सहा मऊ पुस्तकं एकावर एक ठेवून ते भोवती गुंडाळायचं आणि बाजूला हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या खिट्ट्या अडकवायच्या. चिनीत त्याला ‘थाओ’ही म्हणतात, जपानीत ‘चित्सु’. मराठीत यासाठी ‘बासन’ हा जिवंत शब्द आहे, पोथ्या बासनातच बांधतात. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक देतात. म्हणजे वेष्टणाने मोजण्याची सवय आपल्यालाही आहे. मी ‘बासन’ घेईन, कारण ‘रुमाल’ म्हटलं की दफ्तरच आठवतं.

प्रतिसाद

एक गोष्ट राहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. खंडांवर नेहमी आकडे नसतात. दोन खंडांवर ‘वरचा’ आणि ‘खालचा’, तीन असतील तर मध्ये ‘मधला’. जुन्या जपानी पुस्तकांवर तीन खंडांना ‘तेन, ची, जिन’, म्हणजे आकाश, पृथ्वी, माणूस. दोघांना ‘केन, कोन’, म्हणजे आकाश आणि पृथ्वी, आणि चौघांना ‘यी-चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या सुरुवातीची चार अक्षरं. बौद्ध त्रिपिटकाच्या चिनी आवृत्त्यांत तर वेष्टणांना ‘सहस्राक्षरी’ या हजार अक्षरांच्या चिनी पद्यातली अक्षरं ओळीने दिलेली असतात. ती मुलांना पाठ करायला लावत, म्हणून क्रम सगळ्यांना ठाऊक होता.

कृपा करून याचं १, २, ३ करू नका. ‘तेन’ लिहिलेला एकच खंड हाती आला तरी संच तिघांचा होता हे कळतं, जसं ‘पूर्वार्ध’ पाहिल्यावर उत्तरार्ध असणार हे कळतं. नोंदीत नुसतं ‘१’ लिहिलं की ही माहिती कायमची गेली. पुस्तकावर असेल ते अक्षर आधी लिहा, क्रमांक हवाच असेल तर चौकटी कंसात पुढे द्या. ‘वरचा’ असेल तर जास्त सावध राहा, कारण संच दोघांचा की तिघांचा हे त्यावरून ठरत नाही.

प्रश्नकर्ती

मग नमुना असा धरते : ‘शि-जि, १३० ज्युएन. — २० प्रती, ४ बासनं.’ चालेल?

प्रतिसाद

‘प्रती’ काढा, वाचक एकाच पुस्तकाच्या २० नकला समजेल. ‘२० पुस्तकं, ४ बासनांत’ असं लिहा. आणि सुरुवातीचा बिनक्रमांकाचा ज्युएन असतो, प्रस्तावना वगैरे असलेला, तो १३०मध्ये मिळवू नका. तो असलाच तर ‘आरंभीचा १ ज्युएन’ असं वेगळं लिहा.