बंगळुरूहून मनोरीला वापरलेला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणायचाय, कसा आणू?

खाडीपलीकडची:
मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगून टाकते.

मी मनोरीला राहते. नकाशात आम्ही मुंबईतच, पण मालाडला जायचं तरी मार्वेची बोट धरावी लागते. रविवारच्या मराठी मिस्सेला गेली चौदा वर्षं कीबोर्ड वाजवतेय. साधाच कीबोर्ड, लोखंडी स्टँडवर, आणि पायाशी एक सस्टेनचं पेडल. लहानपणी मात्र वांद्र्याला एका बाईंकडे ऑर्गन शिकले होते, वर-खाली दोन मॅन्युअल, म्हणजे हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या रांगा, आणि पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा पेडलबोर्ड असलेला. बाई आमच्या चपला काढायला लावायच्या आणि मोजे घालून पेडलवर पाय ठेवायला सांगायच्या. खाली बघितलं की पट्टीने हळूच गुडघ्यावर टपली. ती शिकवणी सुटली त्याला तीस वर्षं झाली, पण अजून मिस्सेत शेवटचं गीत चालू असताना माझा डावा पाय आपोआप खर्ज शोधत फिरतो आणि खाली नुसती फरशी लागते.

तर बंगळुरूत एका घरी यामाहाचा इलेक्टोन विकायचा आहे. ईएल-९०, १९९१ साली निघालेलं मॉडेल. दोन्ही मॅन्युअलना ४९-४९ पट्ट्या, २० पेडलं, सोबत बाक. घर रिकामं करायचंय म्हणून ४५ हजार सांगतायत. फोटोत एकदम चकाचक दिसतोय, पण फोटोत काय, आमचे हेसुद्धा चकाचक दिसतात.

विचारायचं असं की एवढा जुना ऑर्गन न बघता घ्यावा का? आणि घेतला तर आणायचा कसा? पॅकर्सवाल्याने दारापर्यंतचे ३१ हजार सांगितले. एका ट्रान्सपोर्टवाल्याने पार्ट लोडचे, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमधून आणायचे, साडेआठ हजार सांगितले, पण भिवंडीच्या गोडाऊनपर्यंतच. मालक म्हणतात वजन शंभर किलोच्या वर असेल. आमच्या बोटीत माणसं चढतात, स्कूटर चढते. ऑर्गन चढणार नाही.

हवापालट:
ताई, ४५ अधिक ३१ म्हणजे ७६ हजार झाले. तेवढ्यात नवाकोरा कीबोर्ड येतो वॉरंटीसकट. भंगार कशाला आणताय हजार किलोमीटरवरून?

खाडीपलीकडची:
दादा, त्या नव्याकोऱ्याला पेडलं किती?

पायपेटी:
शीर्षक वाचून धावत आलो, वाटलं नाटकातला ऑर्गन! म्हणजे संगीत नाटकाच्या साथीला असतो तो, पायाने भाता मारायचा. इथे प्रकरण विजेचं दिसतंय, तेव्हा माझा उपयोग कमीच. तरी एक सांगतो. माझा ऑर्गन सांगलीहून गिरगावात आणला तेव्हा लाकडाला ओरखडासुद्धा नव्हता. दोन पावसाळ्यांत उंदरांनी भात्याचं कापड खाल्लं. तुमच्यात कापड नसेल, पण वायरी असतील. मागच्या जाळ्या-भोकं बघून घ्या.

सोल्डर:
ताई, मी दादरला कीबोर्ड, अँप्लिफायर वगैरे दुरुस्त करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी दिलासा. इलेक्टोनचा सूर आपल्या विजेवर अवलंबून नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण उद्या कुणी तुम्हाला जुना अमेरिकन हॅमंड ऑर्गन स्वस्तात देऊ करेल. त्या टोनव्हीलवाल्या हॅमंडमध्ये सूर तयार करायला दात असलेली चाकं फिरतात, बी-३ मॉडेलमध्ये अशी ९१, आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या तालावर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिकडून आणलेला तसाच लावला तर पांढरी सहा दाबल्यावर काळी तीन वाजेल, तीही किंचित उतरलेली. क्वायरचे सगळे बास खूश होतील, बाकीचे घरी जातील.

तुमच्या ईएल-९० चा प्रश्न व्होल्टेजचा आहे. जपानमधून आलेला पीस असेल तर तो १०० व्होल्टचा. मागे प्लगच्या वायरजवळ एक छोटी पाटी असते, तिचा फोटो मागवा, ऑर्गनच्या फोटोपेक्षा तो महत्त्वाचा. १०० असेल तर २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. पाटीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. चुकून थेट सॉकेटला लावलात तर मला फोन करावाच लागेल.

आता व्हिडिओ कॉलवर काय बघाल? मालकांना गाणं वाजवू देऊ नका. गाण्यात सगळं झाकलं जातं. डावीकडून सुरुवात करून एकेक पट्टी, आधी हळू मग जोरात, दोन्ही मॅन्युअल, मग वीसही पेडलं. पट्ट्यांखाली रबराचे काँटॅक्ट असतात. त्यांच्यावर धूळ आणि ओल बसली की एखादी पट्टी मुकी होते, किंवा हळू दाबली तरी ओरडते. दोन-चार पट्ट्या अशा असतील तर घाबरू नका, उघडून साफ केल्या की बहुतेक वेळा येतात. त्याच्या बदल्यात पाच हजार कमी करून घ्या. डिस्प्ले अजिबात दिसत नसेल किंवा बटणांच्या अख्ख्या रांगाच मेल्या असतील तर सोडून द्या. सुटे भाग शोधत बसाल.

मग तासभर चालू ठेवायला सांगा आणि आवाज शून्यावर आणून स्पीकरजवळ फोन धरायला लावा. जुने कपॅसिटर गरम झाल्यावर घुर्रर्र करतात. फ्लॉपी ड्राइव्ह असेल आणि चालत नसेल तर त्याचं दुःख नको, तिच्या जागी पेन ड्राइव्हचा डबा बसतो.

बिल्टीवाला:
मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, पण यातला कुठलाच माल माझ्या गाडीतून जाणार नाही, तेव्हा मोकळेपणाने सांगतो.

३१ हजार आणि साडेआठ हजार यांची तुलनाच नको. साडेआठ हजारांत फक्त भाडं आहे. त्यात तिकडे घरातून गोडाऊनपर्यंतचा टेम्पो नाही, हमाली नाही, इकडची वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी नाही, भिवंडीहून मनोरीचा टेम्पो नाही. सगळं धरून वीस-बावीसपर्यंत जाईल. तरी मी पार्ट लोडच करेन, पण एका अटीवर. तिथेच सुताराकडून लाकडी क्रेट करून घ्या. पुठ्ठा आणि बबल रॅप हे घरातल्या घरात हलवायला ठीक. पार्ट लोडचा माल किमान दोनदा उतरतो-चढतो, आणि कुणाच्या तरी टाइल्सच्या पेट्या तुमच्या ऑर्गनवर बसायला टपलेल्या असतात. क्रेटच्या तळाला दोन आडव्या पट्ट्या मारायला सांगा, हमालांचा हात किंवा ट्रॉलीचा दात खाली शिरला पाहिजे. हात घालायला जागा नसली की माणूस ढकलतो.

पेडलबोर्ड स्क्रू काढून वेगळा करायचा, वेगळा बांधायचा. आतून हलणारं काही असेल तर पॅक. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावतीवर, ‘एक नग’ लिहून घेऊ नका. क्रेट, पेडलबोर्ड, बाक मिळून तीन नग लिहा. एक नग लिहिलात आणि बाक राहिला तर भांडणार कशाच्या जोरावर?

५० हजारांवरच्या मालाला राज्याबाहेर नेताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद लागतो. तुमचा ४५ चाच आहे, शिवाय वापरलेलं घरगुती सामान त्यातून वगळलेलं आहे. तरी मालकांकडून सहीचं पत्र घ्या, ‘वापरलेलं वाद्य’ असं लिहून, किंमत टाकून. बिल्टीवर बहुतेक ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे नुकसानीची जोखीम मालकाची, असं छापलेलं असतं, ते वाचा आणि ट्रान्झिट इन्शुरन्सचं वेगळं विचारा.

रेल्वे पार्सलचा विचार असेल तर स्टेशनवर माल आला की वेळेत उचलायला हवा, नाहीतर व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार चढतो. तुम्ही बोटीच्या वेळा बघत बसणार, कशाला तो ताप?

आणि जे करायचं ते मेच्या आत करा. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून. ताडपत्री कितीही बांधली तरी खंबाटकीच्या घाटात आडवा पाऊस लागला की ती नावालाच.

उत्तनकर:
शेजारीण निघाली! टेम्पो भिवंडीहून घोडबंदर रोडने काशिमीरा, मग भाईंदर पश्चिम, उत्तन, गोराई, मनोरी. बोटीचं नावच काढू नका, आमच्या मेव्हण्याने फ्रिज आणला होता बोटीने, तो किस्सा अजून लग्नाकार्यांत सांगतात. छोटा हत्ती पुरेल. मोठी गाडी गावातल्या वळणांवर अडकते. रविवारी नको, बीचवाल्यांच्या गाड्या असतात. आणि टेम्पोवाल्याला ‘मनोरी’ एवढंच सांगू नका, तो मार्वेच्या जेट्टीवर जाऊन उभा राहील आणि पाण्यापलीकडे तुमच्याकडे बघत हात हलवेल.

खाडीपलीकडची:
सगळ्यांचे आभार. भाच्याला बंगळुरूत पाठवलं, तो तिथेच नोकरीला आहे. पाटीवर १०० व्होल्टच निघाले. वरच्या मॅन्युअलच्या तीन पट्ट्या मुक्या, बाकी ठीक. सोल्डरदादांच्या सांगण्यावरून मी पाच कमी मागितले, त्यांनी सात कमी केले. घर रिकामं करायची घाई दिसली. ३८ ला ठरलं. क्रेट ४,२०० ला झाला, तळाला पट्ट्यांसकट.

खाडीपलीकडची:
आला. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही.

तीन दिवसांचे सहा दिवस झाले. गोडाऊनमध्ये गेलो तर क्रेटवर भाच्याने चारही बाजूंनी लाल बाण काढलेले, आणि क्रेट आडवा, चारही बाण भिंतीकडे. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, बाण हिरवा असता तर बघितला असता. बाक सापडेना. बिल्टीवर तीन नग लिहिले होते म्हणून त्याला शोधावा लागला. चहाच्या टेबलाजवळ मिळाला, त्यावर एक गृहस्थ बसून रजिस्टर लिहीत होते. बिल्टीवालेदादा, तुमच्या नावाने एक मेणबत्ती लावलीय.

टेम्पो उत्तनमार्गेच आला. चार जणांनी उतरवला. आमचं घर जुनं, दरवाजा अरुंद. क्रेट फोडून नुसता ऑर्गन नेला तरी दोन बोटं कमी पडत होती. शेवटी आमच्या ह्यांनी दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली. पोर्तुगीजांच्या वेळचं असल्यासारखं दार ते, निघालं एकदाचं, परत बसताना मात्र रुसलंय, अजून घासतं. ऑर्गन बाहेरच्या भिंतीपासून लांब, आतल्या भिंतीला लावलाय, खाली विटा. खारा वारा आणि ओल दोन्ही त्या बाहेरच्या भिंतीला आहे.

एक दिवस नुसता ठेवला. ट्रान्सफॉर्मर लावून काल संध्याकाळी चालू केला. मॅन्युअल दोन्ही वाजतायत. पेडल एकही नाही. वीसच्या वीस गप्प. अख्खी रात्र झोप नाही.

सोल्डर:
वीसच्या वीस गप्प ही चांगली बातमी आहे. एक-दोन गप्प असती तर काळजी. प्लग काढा, मागचा पत्रा उघडा, पेडलबोर्डकडून येणारी जाड वायर जिथे आत लागते तो कनेक्टर बघा. आडवं पडल्यावर तो अर्धा निसटतो. दाबून बसवा, क्लिक ऐकू आली पाहिजे.

खाडीपलीकडची:
क्लिक ऐकू आली!! एकोणीस वाजली.

विसावं म्हणजे सगळ्यात डावीकडचं. ते खालीच जाईना. टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाले, चष्मा नाकावरून कपाळावर, आणि पट्टीने आत चाचपडलं तर एक काळी केसाची पिन बाहेर आली, गंजलेली, तिला अजून दोन लांब पांढरे केस अडकलेले. मालकांना फोन केला. त्यांच्या आईची, त्या वाजवायच्या म्हणाले. थोडा वेळ दोघंही बोललो नाही. पिन मी बाकाच्या आतल्या खणात ठेवलीय.

आता वीसही वाजतात. मोजे घातले, खाली न बघता पाय फिरवून बघितला. अर्धे सूर चुकले, बाईंची पट्टी आठवली. तीन मुक्या पट्ट्यांसाठी दादा तुम्हाला बोलवेन, येताना मार्वेहून बोटीनेच या, सोपं पडेल.

एकच नवीन त्रास. खालची पांढरी चार पेडलवर दाबली की समोरच्या काचेच्या कपाटातल्या सासूबाईंच्या सगळ्या बश्या एकदम किणकिणायला लागतात. इतर कुठल्या सुराला नाही, फक्त त्याच. हा ऑर्गनचा दोष आहे का? आवाज कमी केला तरी थोडं होतंच. काय उपाय?

सोल्डर:
बश्या हलवा.